पोत्याचा भाव कोण ठरवतो?

खेड तालुक्यात डेअरीला दूध घालणाऱ्या कुणालाही "काय, कसं काय चाललंय?" असं विचारून बघा. तो पावसाचं सांगणार नाही, गाईचंही सांगणार नाही. तो पोत्याचं सांगेल. "पोतं परत वाढलं बघ." पोतं म्हणजे पशुखाद्याचं पन्नास किलोचं पोतं. कुणी त्याला सुग्रास म्हणतं, कुणी गोळी पेंड, कुणी नुसतंच खाद्य. माझे मामा दोन संकरित गाई पाळतात. त्यांच्या घरात पेट्रोल, सिलिंडर आणि पोतं अशा तीनच भावांवर चर्चा होते. पहिल्या दोन भावांबद्दल टीव्हीवर रोज कुणीतरी भांडत असतं. तिसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हा लेख.

मित्रमैत्रिणींनो, मला कल्पना आहे की मॅगझिनच्या मराठी विभागात पहिला पाऊस, मैत्री, आई आणि 'हॉस्टेलचे ते दिवस' हे विषय चालतात. पेंड हा विषय चालत नाही. त्यातून माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. तिथे 'कॅटल फीड' हे शब्द भेटले ते भूगोलात, ऑस्ट्रेलियाच्या धड्यात. आंबोण, सरकी, चुनी, कळणा, भरडा हे शब्द मामांच्या गोठ्यात भेटले आणि मला ते 'थर्मोडायनॅमिक्स'पेक्षा जास्त आवडले. तरीही ज्यांना वाटतं की आपला आणि गोठ्याचा संबंध नाही, त्यांच्यासाठी एक छोटा हिशेब. अंडी देणारी कोंबडी रोज साधारण ११० ते ११५ ग्रॅम खाद्य खाते आणि रोज अंडं देतेच असं नाही. म्हणजे एका अंड्यामागे सव्वाशे ग्रॅम खाद्य धरा. मेसमध्ये सकाळी दोनशे अंडी लागली तर पंचवीस किलो खाद्य, म्हणजे अर्धं पोतं आपण चहाबरोबर संपवलं. आणि त्या खाद्यात ६० टक्क्यांच्या आसपास मका असतो. मेसमध्ये अंडं आकाराने लहान का झालं, यावर आपण कमिटी मीटिंग घेतो. मक्याचं काय झालं हे मात्र कुणी विचारत नाही!

आता पोत्यात असतं काय ते बघू. कोंबडीच्या खाद्यात मुख्य दोन गोष्टी, मका आणि सोयापेंड. मका ऊर्जेसाठी, सोयापेंड प्रथिनांसाठी. गाई-म्हशींच्या पोत्यात मामला जास्त मिश्र असतो. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, भाताचा कोंडा, गव्हाचा भुसा, तूर-हरभऱ्याची चुनी, मक्याचा भरडा, मळी, मीठ, खनिज मिश्रण. जे माणसाच्या जेवणातून, तेलातून, डाळीतून आणि कपड्यातून उरलं, ते सगळं तिथे एकत्र येतं. सरकी कापसातून निघते, चुनी डाळमिलमधून, मळी साखर कारखान्यातून. आता यातलं खेडमध्ये काय पिकतं? भात. म्हणजे कोंडा. बाकी सगळं घाटावरून येतं. कापूस खानदेश, मराठवाडा, विदर्भाचा, सोयाबीन लातूर-वाशिमचं नाहीतर माळव्याचं, मका सांगली, नाशिक, जळगावकडचा, कधी कर्नाटक-बिहारचा. कशेडीला आता बोगदा झाला, कुंभार्ली अजून वळणावळणाचाच आहे, पण ट्रक कुठूनही आला तरी भाडं पोत्यावर चढतंच. आणि पोतं उतरवून ट्रक परत जाताना इथून भरून नेण्यासारखं फारसं काही नसतं, तेव्हा परतीचं डिझेलही आमच्याच गाईच्या डोक्यावर.

गाय किती खाते याचा एक ढोबळ नियम आहे. अंगासाठी एक ते दीड किलो आणि मग दर अडीच-तीन लिटर दुधाला एक किलो. दहा लिटर देणाऱ्या गाईला साडेचार-पाच किलो खाद्य रोज. म्हणजे एक पोतं दहा-अकरा दिवस. दोन गाई असल्या तर दर पाच दिवसांनी एक पोतं! दुधाचे पैसे डेअरी दहा दिवसांनी किंवा पंधरा दिवसांनी देते. पोतं मात्र उधारीवर येतं आणि उधारीचा भाव रोखीचा नसतो. मामींच्या भाषेत सांगायचं तर दूध डेअरीत जातं आणि पैसा पोत्यात जातो, आपल्याला शेण राहतं. (शेणाचा खरंच उपयोग होतो, काजूच्या बागेत. पण ते वेगळं.)

पूर्वी हे असं नव्हतं, असं जुनी माणसं सांगतात आणि इथे ती बरोबर आहेत. कोकणची गाय लहान चणीची, डोंगर चढणारी, रानात चरून येणारी. तिला 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. तिचं दूध थोडं, पण तिला लातूरच्या भावाशी कर्तव्य नव्हतं. पेंढा, गवत, भाताची पेज, मूठभर कोंडा यावर तिचं भागायचं. संकरित गाय आली तशी दुधाची बादली मोठी झाली, आणि तिच्याबरोबर आपण एका मोठ्या बाजारात न विचारता दाखल झालो. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. दोन लिटर दुधावर आज कुणाच्या मुलीची फी भरत नाही. पण एवढं समजून घ्यायला हवं की खेडची गाय उभी आहे गोठ्यात, आणि जेवते आहे बाजारात.

हा बाजार किती मोठा, याची एक गोष्ट मला फार आवडते. १९७२ मध्ये पेरू देशाच्या समुद्रात अँकोव्हेटा नावाची छोटी मासळी एकाएकी कमी झाली. समुद्राचं पाणी तापलं, एल निनो, आणि त्याआधी भरमसाट मासेमारी. ही मासळी सुकवून, दळून जगभरच्या कोंबड्या-डुकरांना घालत. ती आटल्यावर सगळे सोयापेंडीवर तुटून पडले, अमेरिकेत सोयाबीनचे भाव आकाशाला भिडले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच थांबवली. जपानचं टोफू आणि मिसो अमेरिकन सोयाबीनवर चालत होतं, त्यांचे धाबे दणाणले. बंदी थोड्या काळाची होती, पण जपानने धडा घेतला आणि पुढे ब्राझीलमध्ये सोयाबीनची शेती उभी करायला पैसा ओतला. ब्राझील आज सोयाबीनमध्ये अमेरिकेच्या पुढे आहे, त्याचं एक मूळ पेरूच्या मासळीत आहे. हर्णै-दाभोळच्या बंदरांवर वास सोडत पडलेली 'कुटी' आपण नाक दाबून ओलांडतो ना, तिचीच ही मोठी बहीण!

आणि त्याच सुमाराला, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रात काय चाललं होतं? रेशनवर लाल मिलो येत होता. आजी अजून त्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. मिलो म्हणजे अमेरिकेची ज्वारी. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांना घालत, इकडे ती माणसांनी खाल्ली आणि त्यावर जगली. धान्य आणि वैरण यांच्यामधली रेघ पोट ठरवतं आणि पैसा ठरवतो, हे आजीला कुठल्याही इकॉनॉमिक्सशिवाय कळलेलं आहे.

आता मुद्द्यावर येते. माझी रूममेट लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातली. तिच्या घरी सोयाबीन. म्हणजे आमच्या खोलीत एका बाजूच्या कॉटवर सोयाबीन विकणारं घर आणि दुसऱ्या बाजूच्या कॉटवर पेंड विकत घेणारं घर. एकीची फी भाव चढल्यावर सुटते, दुसरीची भाव उतरल्यावर. सेमिस्टरला आमचं एकदा तरी यावर वाजतं. एकदा ती मला सरळ म्हणाली, "तुमचं पोतं सस्तं व्हावं म्हणून आमचं सोयाबीन पडावं का गं?" मला उत्तर सुचलं नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी सुचलं, ते या लेखात लिहिते आहे.

२०२१ साल घ्या. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. हमीभाव होता ३,९५०. पोल्ट्रीवाले हवालदिल झाले, कारण कोंबडीच्या एकूण खर्चात ६५ ते ७० टक्के खर्च खाद्याचाच असतो. गाईच्या पोत्यात सोयापेंड कमी असली तरी तिलाही झळ लागली. सोयापेंड महाग झाली की कारखाने सरकी आणि शेंगदाणा पेंडीकडे वळतात, मग तीही महाग होते. खेडसाठी तर तो महिनाच वाईट होता. २२ जुलैला जगबुडी आणि वाशिष्ठी दोघींनी मिळून खेड-चिपळूण पाण्यात घातलं, वाशिष्ठीवरचा हायवेचा पूल खचला. कित्येकांच्या गोठ्यातली पोती भिजली ती नेमकी सर्वांत महाग भावाची.

मग ऑगस्टच्या अखेरीस केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची. जे बियाणं पेरायला आपल्या शेतकऱ्याला परवानगी नाही, त्याचीच पेंड बाहेरून आणायला मात्र परवानगी! आणि वेळ बघा. सोयाबीन जूनमध्ये पेरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. जूनमध्ये चढा भाव बघून तिच्या बाबांनी पेरलं. पीक मोंढ्यात जायच्या तोंडावर आयातीची बातमी आली. ऑक्टोबरपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास उतरला. नवं पीक आल्यावर भाव थोडा उतरतोच, सगळा दोष आयातीला देता येत नाही, आणि उतरलेला भावही हमीभावाच्या वर होता, हे मी मान्य करते. पण ज्याने चढा भाव बघून पेरलं त्याला हे मान्य करायला सांगणारी मी कोण? त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे एका वर्षासाठी बंद केले, आणि ते वर्ष पुढे लांबतच गेलं. वायदेबाजार चांगला की वाईट यावर मोठमोठी माणसं वाद घालतात. मला इतकंच दिसतं की चार महिन्यांनी काय भाव असेल याचा अंदाज देणारी एक खिडकी होती, तीही लागली.

तीन वर्षांनी उलटं झालं. २०२४ च्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात भाव चार हजारांच्या थोडा वर. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती म्हणून तो विषय गाजला, हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली गेली. पण सोयाबीन पडलं का? जगात पीक भरपूर होतं, खाद्यतेलाची आयात होती, हे सगळं खरं. त्यात एक कारण असं आहे की जे आपल्यासारख्यांना, निदान केमिकलवाल्यांना तरी, वर्गात बसून काढता आलं पाहिजे. ते कारण म्हणजे मका.

थोडा मास बॅलन्स करू, घाबरू नका, व्हायवा नाही. मक्याच्या दाण्यात ७० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. त्याची साखर, साखरेचं किण्वन. त्यातून साधारण अर्धं वजन इथेनॉल म्हणून निघतं आणि उरलेलं अर्धं कार्बन डायऑक्साइड म्हणून हवेत जातं. मागे राहतं दाण्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्यात मक्याची सगळी प्रथिनं, तेल आणि तंतू असतात. मक्यात प्रथिनं ९ टक्के, म्हणजे या उरलेल्या चोथ्यात सुमारे २७ टक्के. हा वाळवला की त्याला डीडीजीएस म्हणतात आणि तो पशुखाद्यात जातो.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि पेट्रोलमधल्या २० टक्क्यांचं उद्दिष्ट तर गाठायचं होतं. मग सगळा भार मक्यावर आला. २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात पहिल्यांदाच मका हा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. वर्षानुवर्षं मका निर्यात करणारा आपला देश मका आयात करू लागला. जून २०२४ मध्ये सरकारने सुमारे ५ लाख टन मका ५० ऐवजी १५ टक्के शुल्कावर आणू दिला. कोंबडीला मका महाग झाला. आणि इकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून डीडीजीएसचे ढीग बाहेर पडू लागले. २७ टक्के प्रथिनं, सोयापेंडीपेक्षा स्वस्त! कारखान्यांनी सोयापेंड कमी केली, चोथा वाढवला. सोयापेंडीला गिऱ्हाईक कमी, म्हणून सोयाबीनला भाव कमी, कारण सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ टक्के, बाकीची पेंडच. म्हणजे पेट्रोलच्या टाकीत घेतलेल्या निर्णयाने औशाचं सोयाबीन पाडलं. रूममेटला हे गणित कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे आमचं भांडण तुझ्या मामाशी नव्हतंच की!"

नव्हतंच. एका क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल होतं. आपल्या पार्किंगमधल्या बाइकची दहा लिटरची टाकी भरली तर दोन लिटर इथेनॉल, म्हणजे सव्वापाच किलो मका. तेवढ्या मक्यात पावणेनऊ किलो कोंबडीखाद्य झालं असतं आणि त्यातून सत्तर अंडी. सगळं इथेनॉल मक्याचं नसतं, उसाचं आणि तांदळाचंही असतं, आणि मक्याचा तिसरा हिस्सा चोथ्याच्या रूपाने परत येतो, तेव्हा हा हिशेब मापापुरता घ्या. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. मका पिकवणाऱ्याला इथेनॉलने भाव मिळवून दिला हे उघड आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ऊस, मका, सोयाबीन, पेंड, दूध, अंडं ही एकाच दोरीवरची कपडे वाळत घातल्यासारखी आहेत. एक खेचलं की सगळी हलतात. पण निर्णय घेणारी खाती वेगवेगळी, आणि निर्णय येतो तो रात्रीतून. शेतकरी चार महिने आधी पेरतो, गाय नऊ महिने आधी गाभण राहायचं ठरवते, पोल्ट्रीवाला पिल्लं चाळीस दिवस आधी टाकतो. आणि धोरण मात्र एका सकाळी. पेरणीच्या आधी सांगा काय करणार ते, आणि काढणीपर्यंत ते बदलू नका. लातूरकर आणि खेडकर दोघांना मान्य होईल असं एवढं एकच मला सापडलं, आणि रूममेटच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे. भाव पडावा असं आम्हाला नको आहे. तो कळावा, एवढंच हवं आहे.

आता कुणी म्हणेल की २०२४ मध्ये सोयाबीन पडलं तर पोतं स्वस्त झालं असेल. मामांच्या वहीत तसं काही दिसत नाही. पोत्याचा भाव चढतो तो जनशताब्दीने आणि उतरतो तो दिवा पॅसेंजरने, प्रत्येक क्रॉसिंगला थांबत. आणि दुसरी गंमत म्हणजे पोत्याचा भाव तोच राहतो पण पोतं तेच राहत नाही. हे खास आपल्या लोकांसाठी सांगते. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये आपण सिम्प्लेक्स मेथड रडत रडत करतो ना? त्यातला 'डाएट प्रॉब्लेम' आठवा. १९४५ मध्ये स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने माणसाच्या सर्वांत स्वस्त पौष्टिक आहाराचं गणित मांडलं, १९४७ मध्ये डान्ट्झिगने सिम्प्लेक्स शोधल्यावर ते हाताने सोडवायला नऊ कारकुनांना १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर माणसाला खाण्यालायक नव्हतं. पण कोंबडी आणि गाय तक्रार करत नाहीत! आज जगभरचे खाद्यकारखाने याच पद्धतीने, प्रथिनं इतकी हवीत, ऊर्जा इतकी हवी, तंतू याहून जास्त नकोत अशा अटी घालून, त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे सर्वांत स्वस्त मिश्रण काढतात. यात गैर काही नाही, उलट हुशारी आहे. पण गाय तक्रार करत नाही हे तितकंसं खरं नाही. पोतं बदललं की तिला वास कळतो, दोन दिवस तोंड लावत नाही आणि दूध खाली येतं. मामा म्हणतात, "ह्या टायमाचा माल वेगळा हाय." दुकानदार म्हणतो, "तोच आहे." दोघंही खरं बोलतात. टक्केवारी तीच, घटक वेगळे. पशुखाद्याला बीआयएसचं मानक आहे, आयएस २०५२. त्यात ओलावा, प्रथिनं, तंतू वगैरेंच्या मर्यादा आहेत. पण घटक काय आणि किती हे पोत्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात असायला काय हरकत आहे? दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर घटक असतात. मामांच्या पोत्यावर हसऱ्या गाईचं चित्र असतं.

कोकणात यावर आणखी एक संकट म्हणजे हवा. जुलैत इथे वह्यांची पानं वळतात, बुटांना बुरशी येते, हे हॉस्टेलमध्ये सांगायला नको. मक्यात ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी धरायला लागते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन. गाईने ते खाल्लं की त्याचा काही भाग दुधात उतरतो. दुधासाठी मर्यादा आहे किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे किती थोडं ते बघा. आणि मघाचा मास बॅलन्स आठवा. स्टार्च निघून गेला की प्रथिनं तिप्पट झाली, तसंच मक्यात विष असेल तर चोथ्यात तेही तिप्पट होतं. घाटावर कोरड्या हवेत जे पोतं दोन महिने टिकतं, ते इथे जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलं तर पंधरा दिवसांत आतून गरम लागतं. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवलं तर टिकतं. इतकी साधी गोष्ट, पण पोत्यावर ती छापलेली नसते आणि दुकानातही पोती जमिनीवरच असतात.

आणि हे सगळं विकत घेत असताना आपल्या तालुक्यात काय चाललंय? फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री डोंगराकडे बघा. वणवे. गुडघाभर उभं वाळलेलं गवत जळून जातं, कधी आंबा-काजूही घेऊन जातं. आम्ही आमची वैरण जाळतो आणि घाटावरून पोतं मागवतो. भात कापल्यावर जमीन मोकळी पडते, गुरं मोकाट सुटतात, म्हणून कुणी वाल-चवळी सोडून दुसरं पीक घ्यायला धजत नाही. पेंढा असतो, पण त्यात प्रथिनं तीन-चार टक्केच. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून नीट शिंपडून, रचून, प्लॅस्टिकने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवला तर तो जास्त पचतो आणि पौष्टिक होतो. ही जुनी, सिद्ध झालेली पद्धत आहे, फक्त माप चुकवायचं नाही आणि वासरांना द्यायचं नाही. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, इथून तासाभरावर. त्यांना जाऊन विचारणारे किती? कोंड्याचंही तेच. गावच्या जुन्या हलर गिरणीत कोंडा आणि तूस एकत्र पडतं, म्हणून तो गाईच्या कामाचा राहत नाही. वेगवेगळं काढणारी गिरणी असेल तर चांगला कोंडा मिळतो, पण त्यात तेल भरपूर असल्याने तो काही दिवसांतच खवट होतो. तालुक्याच्या ठिकाणी ताजा कोंडा, वालाचं टरफल, नाचणीचा भुसा आणि घाटावरून आणलेली पेंड-मका असं मिश्रण करणारं छोटं युनिट, दूध सोसायट्यांनी मिळून चालवलेलं, जमणार नाही का? पोतं फार स्वस्त होईल असं मी म्हणत नाही. पेंड आणि मका लागणारच आणि त्यांचा भाव लातूरलाच ठरणार. पण निदान पोत्यात काय आहे ते माहीत असेल आणि निम्मं भाडं वाचेल.

आपल्या फायनल इयर प्रोजेक्टबद्दल एक बोलू का? स्टाफने राग मानू नये. दर वर्षी रेषेवर चालणारा रोबो, चेहरा ओळखून लागणारी हजेरी आणि रोपाला पाणी घालणारा सेन्सर. रोपं तर कोकणात पाण्यातच उभी असतात! त्यापेक्षा पोत्यात खुपसून ओलावा आणि तापमान सांगणारी एक सळई करा. ओलाव्याने दाण्याचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट बदलतो, कपॅसिटन्स मोजायचा, बास. विकत मिळणारी यंत्रं आहेत, पण ती व्यापाऱ्याला परवडतात, दोन गाईवाल्याला नाही. औशाच्या मोंढ्यातही ओलाव्यावरूनच भाव कापला जातो आणि यंत्र नेहमी घेणाऱ्याच्या हातात असतं, विकणाऱ्याच्या नाही, असं रूममेट सांगते. म्हणजे एकच सळई दोन्ही टोकांना उपयोगाची. कॅलिब्रेशनसाठी ओव्हन केमिकलच्या लॅबमध्ये आहे. सर्किट मी आणि रूममेट बघतो. मेकॅनिकलचं कुणी सळई आणि मूठ करून देणार असेल तर लेडीज हॉस्टेलच्या वॉचमनकाकांकडे नाव ठेवा. पहिली टेस्ट मामांच्या गोठ्यात, जुलैत, भर पावसात. आंबोण ढवळायची तयारी असावी.